न बोललेले संवाद

ती रील तुमच्यापर्यंतही पोचली असेल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाच्या शूटिंगची गोष्ट आहे. सारुमानच्या पाठीत सुरा खुपसला जातो, तो प्रसंग. दिग्दर्शक पीटर जॅक्सन सारुमानचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाला समजावतोय, की सुरा लागल्यावर अमुक अमुक कर. म्हातारा त्याला मध्येच थांबवतो. पाठीत सुरा बसल्यावर माणूस कसला आवाज काढतो हे तुला माहीत आहे का, असं विचारतो, आणि मला माहीत आहे, असं सुचवतो. माणूस किंचाळत नाही. छातीतली हवा बाहेर पडते, तेवढाच आवाज होतो.

ही गोष्ट जॅक्सनने स्वतः सांगितलेली आहे. पण रील तिथे थांबत नाही. मागे ढोल वाजायला लागतात आणि स्क्रीनवर एकेक ओळ उमटते. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्त पथकात होता. याने कित्येक नाझी मारले. जेम्स बॉन्ड याच्यावरूनच बेतला. ८७व्या वर्षी याने मेटल अल्बम काढला. खाली शेकडो आगीच्या इमोजी.

ख्रिस्टोफर ली ७ जून २०१५ला वारला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. त्या आठवड्यात हॉस्टेलच्या ग्रुपवर याच मजकुराचा एक फॉरवर्ड फिरत होता. मीही तो दोन-तीन ठिकाणी पाठवला. आम्ही त्याला सारुमान आणि 'स्टार वॉर्स'मधला काउंट डूकू म्हणून ओळखत होतो. असा म्हातारा तरुणपणी नाझींचे गळे चिरत असेल, यात आम्हाला अशक्य काही वाटलं नाही.

पुढे काही वर्षांनी त्याचा १९५८चा 'ड्रॅक्युला' पाहिला, मग बाकीचे सिनेमे शोधले, मग त्याच्याबद्दल वाचत गेलो. वाचता वाचता फॉरवर्डमधली एकेक ओळ गळून पडली. जे उरलं ते मला फॉरवर्डपेक्षा जास्त आवडलं, म्हणून हा लेख.

खोटं वाटावं असं खरं

गंमत म्हणजे ज्या गोष्टी बनावट वाटतात त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत.

ली २७ मे १९२२ रोजी लंडनच्या बेलग्रेव्हिया या उच्चभ्रू भागात जन्मला. वडील ब्रिटिश सैन्यात लेफ्टनंट कर्नल. आई इटलीतल्या कॅरँडिनी या जुन्या सरदार घराण्यातली. तो चार वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. आईने पुढे एका बँकरशी लग्न केलं. त्या बँकरचा भाचा म्हणजे इयन फ्लेमिंग, जेम्स बॉन्डचा लेखक. म्हणजे ली हा फ्लेमिंगचा सावत्र नात्यातला भाऊ, एवढं नक्की. बॉन्ड मात्र कोणावरून बेतला यासाठी आजवर कितीतरी नावं घेतली गेली आहेत, आणि ते ली होता म्हणायला काही आधार नाही.

लहानपणी एका रात्री आईने त्याला झोपेतून उठवून घरी आलेल्या दोन पाहुण्यांना भेटवलं. एक प्रिन्स युसुपोव्ह, दुसरा ग्रँड ड्यूक दिमित्री. दोघेही रासपुतिनच्या खुनात सामील होते. ही आठवण लीने स्वतः सांगितली आहे. १९६६मध्ये त्यानेच पडद्यावर रासपुतिनची भूमिका केली.

सावत्र वडिलांचं दिवाळं निघालं तेव्हा १७ वर्षांच्या लीला शाळा सोडावी लागली. तो एका जहाज कंपनीत कारकून म्हणून चिकटला. पण त्याआधी, जून १९३९मध्ये, तो फ्रान्सला गेला होता. तिथे १७ जूनला व्हर्सायमध्ये ऑयगन वाइडमान नावाच्या खुन्याला भर रस्त्यात गिलोटिन दिलं गेलं, आणि गर्दीत ली हजर होता. लोकांनी त्या दिवशी जत्रेसारखा धुडगूस घातला. त्याची इतकी लाज वाटली, की सरकारने आठवडाभरातच जाहीर मृत्युदंड बंद केला. फ्रान्समधला तो शेवटचा जाहीर शिरच्छेद ठरला.

एवढं सगळं युद्धाला तोंड फुटायच्या आधी. अशा माणसाबद्दल उरलेल्या गोष्टी लोकांनी सहज खऱ्या मानल्या, तर नवल नाही.

रेकॉर्डमध्ये काय आहे

कामावर काही बिघडलं की मी आधी लॉग उघडतो. लोक काय झालं असं सांगतात आणि लॉगमध्ये काय लिहिलेलं असतं, यात बहुतेक वेळा फरक असतो, आणि तो फरक कुठे पडला तेच शोधायचं असतं. लीच्या युद्धाबद्दलही तेच केलं.

तो ब्रिटिश हवाई दलात भरती झाला ते पायलट व्हायला. प्रशिक्षणासाठी त्याला ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेला पाठवलं. तिथे उड्डाण करताना त्याचं डोकं दुखायला लागलं, समोरचं धूसर दिसायला लागलं. डोळ्याच्या नसेत दोष निघाला आणि विमान कायमचं सुटलं. काही काळ त्याने सॉल्सबरीच्या तुरुंगात पहारेकऱ्याचंही काम केलं. पुढे तो उत्तर आफ्रिकेत पोचला, आणि १९४३मध्ये २६० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा इंटेलिजन्स ऑफिसर झाला.

'इंटेलिजन्स' हा शब्द वाचला की आपल्याला काळा सूट आणि सायलेन्सर लावलेलं पिस्तूल दिसतं. स्क्वॉड्रनच्या इंटेलिजन्स ऑफिसरकडे मात्र नकाशे, पेन्सिली आणि कागद असायचे. उड्डाणाआधी पायलटांना सांगायचं, की शत्रूच्या तोफा इथे आहेत आणि आपली माणसं इथवर पोचली आहेत. परत आल्यावर प्रत्येकाला बसवून विचारायचं, काय पाहिलंस, कुठे पाहिलंस. ते लिहून वर पाठवायचं. उड्डाणाला गेलेल्यांपैकी कोण आलं नाही, हेही त्यातच कळायचं. नकाशावरची एक रेघ चुकली तर बॉम्ब आपल्याच सैनिकांवर पडायचे. हे काम त्याने वाळवंटातून सिसिली आणि तिथून इटलीपर्यंत केलं. मध्ये मलेरियाने त्याला पुन्हा पुन्हा गाठलं. १९४६मध्ये तो फ्लाइट लेफ्टनंट म्हणून बाहेर पडला. शेवटचे काही महिने युद्धगुन्हेगारांचा माग काढण्याच्या कामात होतो, असं तो सांगायचा. त्याला फ्रेंच, जर्मन, इटालियन येत होतं, त्यामुळे ते पटण्यासारखं आहे.

मग कमांडो कुठून आला? लीने मुलाखतींमध्ये गुप्त पथकांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यांच्याबरोबर काही काळ होतो, असं तो म्हणायचा, आणि पुढचं सांगता येणार नाही म्हणून विषय मिटवायचा. कोणी फारच खोदून विचारलं तर तो जवळ वाकून विचारी, तुम्ही गुपित ठेवू शकता का? समोरचा उत्सुकतेने हो म्हणाला, की ली म्हणे, मीसुद्धा. त्याच्या मृत्यूनंतर लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी कागदपत्रं पाहिली तेव्हा हवाई दलातली नोकरी स्पष्ट दिसली. गुप्त पथकाचा सैनिक म्हणून त्याने लढाया केल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

तो खोटारडा होता का? मला तसं म्हणवत नाही. नाझींचे गळे चिरल्याचं त्याने कधी सांगितलं नाही. त्याने एक दार अर्धवट उघडं ठेवलं आणि तो गप्प बसला. आत काय आहे ते आपण भरलं. सुऱ्याच्या गोष्टीतही त्याने एवढंच सुचवलं, की मला माहीत आहे. कसं माहीत, ते नाही सांगितलं.

पडद्यावरसुद्धा तो आयुष्यभर हेच करत आला होता.

फार उंच

युद्धानंतर लीला कारकुनीत परत जायचं नव्हतं. त्याच्या आईचा चुलत भाऊ निकोलो कॅरँडिनी तेव्हा इटलीचा लंडनमधला राजदूत होता. त्याने सुचवलं, नट का होत नाहीस? त्यातून रँक या मोठ्या कंपनीशी सात वर्षांचा करार झाला. तिथे पहिल्यापासून एकच तक्रार: फार उंच आहेस. ली साधारण सहा फूट पाच इंच होता. हिरोच्या शेजारी उभा केला तर हिरो खुजा दिसायचा. शिवाय चेहरा इंग्रज वाटत नव्हता.

१९४८चा 'कॉरिडॉर ऑफ मिरर्स' हा त्याचा पहिला सिनेमा. त्याच वर्षीच्या लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 'हॅम्लेट'मध्ये तो भाला धरून मागे उभा आहे. १९५१च्या 'कॅप्टन होरेशियो हॉर्नब्लोअर'मध्ये स्पॅनिश कॅप्टन, दुसऱ्या एका सिनेमात आणखी कोणी परका माणूस. तलवारबाजी शिकला, घोडेस्वारी केली, निरनिराळे उच्चार घोटले, इतर नटांचे आवाज डब केले. अशी जवळजवळ दहा वर्षं गेली. पस्तिशी जवळ आली तरी त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं.

फॉरवर्डमध्ये ही दहा वर्षं कधीच नसतात. मला मात्र तीच सगळ्यात ओळखीची वाटतात. आमच्या वयाच्या निम्म्या लोकांचं असंच चाललेलं असतं. काम येतं, पण ते आपलं नसतं, आणि आपण मागे भाला धरून उभे असतो.

१९५७मध्ये हॅमर नावाच्या छोट्या कंपनीला 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'साठी राक्षस हवा होता. त्यांची पहिली अट म्हणजे उंची. दहा वर्षं ज्या कारणासाठी नकार मिळाला, त्याच कारणासाठी होकार आला. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा बोरिस कार्लॉफवाला चौकोनी डोक्याचा चेहरा युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचा होता, म्हणून हॅमरला नवा चेहरा बनवावा लागला. लीच्या तोंडावर शिवलेल्या कातडीसारखा लगदा थापला गेला. संवाद एकही नव्हता. ली नंतर हसत सांगायचा, की मी रागारागाने पीटर कुशिंगच्या खोलीत शिरलो आणि मला एकही संवाद नाही म्हणून कुरकुर केली, तर तो शांतपणे म्हणाला, नशीबवान आहेस, मी स्क्रिप्ट वाचलंय.

कुशिंग बॅरन फ्रँकेन्स्टाइन झाला होता. त्या दिवशी सुरू झालेली मैत्री कुशिंगच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९४पर्यंत टिकली. दोघांनी मिळून वीसच्या वर सिनेमे केले. पडद्यावर ते एकमेकांच्या जिवावर उठलेले असायचे आणि कॅमेरा थांबला की ली कार्टूनमधल्या प्राण्यांचे आवाज काढून कुशिंगला हसवायचा.

ड्रॅक्युला अदबीने बोलतो

'फ्रँकेन्स्टाइन' फार थोड्या पैशांत झाला आणि तुफान चालला. हॅमरने लगेच 'ड्रॅक्युला' काढला, दिग्दर्शक तोच, टेरेन्स फिशर. १९३१च्या अमेरिकी 'ड्रॅक्युला'मध्ये बेला लुगोसी होता. त्याचे सावकाश, हंगेरियन वळणाचे उच्चार ऐकले की पहिल्याच वाक्याला कळायचं, हा माणूस धड नाही.

लीचा प्रवेश आठवा, किंवा आजच बघा. पाहुणा वाड्यात येतो. जिन्याच्या वरच्या टोकाला एक उंच काळी आकृती उभी राहते. आता काहीतरी भयंकर होणार म्हणून आपण सावरून बसतो. ती आकृती भराभर पायऱ्या उतरून उजेडात येते, तर समोर एक देखणा, घाईत असलेला सरदार. तो पाहुण्याचं स्वागत करतो, त्याची बॅग उचलतो, खोली दाखवतो. एखाद्या चांगल्या घरातल्या यजमानासारखा.

सिनेमातले लीचे सगळे संवाद या सुरुवातीच्या भागात आहेत. त्यानंतर शेवटपर्यंत ड्रॅक्युला एक शब्दही बोलत नाही. लाल डोळे, ओठांवर रक्त आणि सरळ अंगावर येणारी उंची, एवढंच. रंगीत फिल्मवरचं ते भडक लाल रक्त १९५८च्या प्रेक्षकांना नवीन होतं, त्यावर समीक्षकांनी नाकं मुरडली. पण रक्तापेक्षा तो सुरुवातीचा भाग जास्त काम करतो असं मला वाटतं. पुढे दात दिसले तरी आपण त्या यजमानाला विसरू शकत नाही. हा बोलू शकतो, हे आपल्याला माहीत आहे. तो बोलत नाहीये, याची भीती वाटते.

ड्रॅक्युलात आपल्याला एक एकटेपण आणि दुःख दिसलं, असं ली सांगायचा. मरायची इच्छा असून मरता न येणारा माणूस. हे त्याने संवादांतून सांगितलं नाही, कारण संवाद नव्हतेच. डोळ्यांत आणि उभं राहण्यात ते ठेवलं आणि बाकीचं प्रेक्षकांवर सोपवलं.

सात वेळा

त्यानंतर ड्रॅक्युलाने त्याला सोडलं नाही. हॅमरसाठी त्याने १९५८ ते १९७३ या काळात सात वेळा ड्रॅक्युला केला, आणि प्रत्येक वेळी कथा आधीपेक्षा पातळ होत गेली. १९६६च्या 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये त्याला एकही संवाद नाही. ली म्हणायचा, संवाद इतके भिकार होते की मी ते बोलायला नकार दिला. लेखक जिमी सँगस्टर म्हणायचा, मी त्याला संवाद लिहिलेच नव्हते. दोघांतलं खरं कोण, हे आता कोणी सांगू शकत नाही. इथेही पुन्हा न बोललेले संवादच.

मग तो सोडून का देत नव्हता? त्याचं उत्तर असं, की मी नाही म्हटलं की हॅमरवाले फोन करायचे आणि सांगायचे, तुझ्या नावावर सिनेमा विकून झालाय, तू आला नाहीस तर युनिटमधले किती लोक बेकार होतील बघ. ही भावनिक पिळवणूक आहे हे त्याला कळत होतं. तरी तो जायचा. पोट भरायचं होतं, हेही त्याने लपवलं नाही. १९६१मध्ये त्याने बिर्गिट क्रोन्के या डॅनिश मॉडेलशी लग्न केलं होतं, १९६३मध्ये मुलगी झाली होती.

याच काळात त्याने १९६५ ते १९६९मध्ये पाच सिनेमांत फू मांचू केला. सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाने बनवलेला हा चिनी खलनायक म्हणजे पिवळ्या माणसांविषयीची पाश्चात्त्य भीती, तिला मिशा आणि झगा चढवलेला. ली डोळ्यांना मेकअप लावून चिनी झाला. १९८४च्या 'द फार पॅव्हेलियन्स' या मालिकेत तो चेहरा काळवंडून काकाजी राव नावाचा हिंदुस्थानी झाला. आपण आज ते बघताना अवघडतो, आणि अवघडायलाच हवं. खलनायक कसा दिसतो, हे ठरवणाऱ्या उद्योगाचा ली हा फक्त बळी नव्हता, त्याच्यावर त्याचं घरही चाललं होतं. चेहरा इंग्रज वाटत नाही म्हणून ज्याला हिरो करत नव्हते, त्यालाच मग जगातला प्रत्येक परका दुष्ट म्हणून उभं केलं गेलं.

त्याने बाहेर पडायचे प्रयत्न केले. बिली वायल्डरच्या १९७०च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स'मध्ये तो शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट झाला. १९७३च्या 'द विकर मॅन'मध्ये त्याने एक पैसा न घेता काम केलं. त्यातला लॉर्ड समरआइल एका स्कॉटिश बेटाचा मालक आहे. हसतमुख, गाणारा, सुसंस्कृत. बेटावर चौकशीला आलेल्या कर्मठ ख्रिस्ती पोलिसाला तो शेवटी काय करतो, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. वितरकांनी हा सिनेमा कापला आणि दुसऱ्या सिनेमाच्या जोडीला दुय्यम म्हणून लावला. आज तो ब्रिटिश सिनेमातला मानाचा सिनेमा आहे. १९७४मध्ये 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये तो बॉन्डसमोर स्कारामांगा म्हणून उभा राहिला. हा मारेकरी बॉन्डला आपला बरोबरीचा समजतो, त्याला जेवायला घालतो, आणि मग द्वंद्वाला बोलावतो. पुन्हा तोच यजमान.

बॅरिस्टर जिना

स्वतःची सर्वांत चांगली भूमिका कोणती, असं विचारलं की ली ड्रॅक्युला म्हणायचा नाही, सारुमानही नाही. तो म्हणायचा, जिना.

१९८२च्या रिचर्ड अ‍ॅटनबरोच्या 'गांधी'मध्ये मुंबईच्या रंगभूमीवरचे अलिक पदमसी जिना झाले होते. ते जिना थंड, ताठर, गांधींच्या वाटेत उभे असलेले. पाकिस्तानात त्यावर नाराजी होती. आपली बाजू सांगणारा सिनेमा हवा म्हणून अकबर अहमद या अभ्यासकाने 'जिना' हा सिनेमा उभा केला. दिग्दर्शक जमील देहलवी. १९९७मध्ये कराचीत शूटिंग सुरू झालं. देशाच्या जनकाच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडला ७४ वर्षांचा ख्रिस्टोफर ली.

पाकिस्तानी वर्तमानपत्रांत गहजब झाला. ड्रॅक्युला आमचा कायदे-आझम होणार? वाद इतका वाढला, की सरकारने कबूल केलेला पैसाही काढून घेतला. सिनेमात परलोकातला निवेदक आहे शशी कपूर. तो जिनांना त्यांच्याच आयुष्यात फिरवून आणतो, कारण त्यांचा निवाडा अजून व्हायचा आहे. शेवटी एका काल्पनिक कोर्टात जिना माउंटबॅटनची उलटतपासणी घेतात.

मी हा सिनेमा पाहिला तो मराठी घरात वाढलेला माणूस म्हणून. शाळेच्या पुस्तकात आणि घरच्या गप्पांत जिना म्हणजे फाळणी, पुढे काही नाही. त्याच जिनांनी आयुष्याचा मोठा भाग मुंबईत काढला. मुंबई हायकोर्टात वकिली केली, मलबार हिलवर घर बांधलं. १९१६मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोही भाषणांवरून कारवाई झाली आणि चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जामीन मागितला गेला. हायकोर्टात टिळकांच्या बाजूने उभे राहिले जिना, आणि टिळक सुटले. ही गोष्ट मला इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर कळली, तीही ड्रॅक्युलाच्या मागे लागलो म्हणून.

जिनांच्या राजकारणाबद्दल या सिनेमाने माझं मत बदललं नाही. सिनेमा एका बाजूचा आहे, आणि ती बाजू लपवतही नाही. पण लीने त्यात काय केलं, ते बघण्यासारखं आहे. आजारी फुप्फुसं, काटेकोर सूट, मोजकं बोलणं. बहीण फातिमा शेजारी असताना न दिसणारा, खोलीत एकटा पडला की दिसणारा थकवा. मला राहून राहून १९५८चा तो जिना उतरणारा सरदार आठवत होता. तीच उंची, तीच अदब, तेच एकटेपण. एका सिनेमात त्याला राक्षस म्हणतात आणि दुसऱ्यात राष्ट्रपिता. कोणाची गोष्ट कोण सांगतंय, यावर ते ठरतं. लीने दोन्हीकडे समोरच्या माणसाचा निवाडा करायचं टाळलं आणि तो माणूस नीट उभा केला.

हा सिनेमा जगात फारसा कुठे लागला नाही. त्याला जी भूमिका सर्वांत मोलाची वाटली, ती सर्वांत कमी लोकांनी पाहिली.

कापलेला प्रसंग

मग आपल्या पिढीचा ली आला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग २००१मध्ये आला तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. तो टॉल्किनचा भक्त, पुस्तक दरवर्षी वाचणारा, आणि सिनेमाच्या सगळ्या मंडळींत टॉल्किनला प्रत्यक्ष भेटलेला एकटाच. त्याला गँडाल्फ व्हायचं होतं, मिळाला सारुमान. पुढच्याच वर्षी तो काउंट डूकू झाला. तलवारबाजीची पळापळ दुसऱ्याने केली आणि चेहरा त्याचा बसवला. पण डूकूचं बोलणं ऐका, शत्रूशी बोलतानाही आवाज चढत नाही.

आणि आता त्या रीलकडे परत येतो. सारुमानला सुरा लागतो, तो प्रसंग २००३मध्ये थिएटरमध्ये कोणीही पाहिला नाही. लांबी फार झाली म्हणून जॅक्सनने सारुमानचा सगळा भाग तिसऱ्या सिनेमातून कापला. लीला ते इतकं लागलं, की तो प्रीमियरला गेला नाही. पुढे डीव्हीडीवरच्या लांब आवृत्तीत तो प्रसंग आला. आज लाखो लोक ज्या प्रसंगामागची गोष्ट एकमेकांना पाठवतात, तो एकदा कचऱ्यात गेलेला प्रसंग होता.

मी तो पुन्हा पाहिला. सुरा लागतो तेव्हा ली ओरडत नाही. छोटासा श्वास सुटतो आणि तोंड उघडं राहतं. त्याने हे युद्धात पाहिलं असेल, किंवा नसेलही. व्हर्सायच्या रस्त्यावर १७व्या वर्षी त्याने माणूस मरताना पाहिला होता, हे नक्की. संध्याकाळी परत न आलेल्या पायलटांची नावं त्याने लिहिली असणार, हेही नक्की. भीतीचा आणि मरणाचा आवाज मोठा नसतो, हे कळायला एवढं पुरेसं असावं. त्यासाठी त्याला कमांडो बनवायची गरज नाही.

फॉरवर्डवाल्यांना एक मेटल अल्बमची ओळ तेवढी बरोबर सापडली आहे. शार्लमेनवरचा त्याचा पहिला अल्बम २०१०मध्ये आला, दुसरा २०१३मध्ये त्याच्या ९१व्या वाढदिवशी. त्याआधी २००९मध्ये त्याला सर हा किताब मिळाला होता. दोनशेहून जास्त भूमिका झाल्या होत्या. तरी तो काम मागतच होता. 'हॉबिट'साठी न्यूझीलंडला जायला झेपेना, तर त्याचे प्रसंग लंडनजवळ शूट केले.

मला यातून एक सिनेमा निवडायला सांगितला तर मी २०११चा 'ह्यूगो' निवडेन. मार्टिन स्कोर्सेसीचा. पॅरिसच्या रेल्वे स्टेशनात लपून राहणारा अनाथ मुलगा, आणि त्याच स्टेशनात जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा म्हातारा. ली तो म्हातारा आहे. काळे कपडे, दाटीवाटीची पुस्तकं, अंधारी शिडी, वरून खाली बघणारे तेच डोळे. मुलगा घाबरतो. आपणही घाबरतो, कारण हा चेहरा आपल्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

म्हातारा एक पुस्तक उचलतो. ते आता तुझ्यासाठी आहे, असं मुलाला सांगतो. आणि त्याच्या हातात देतो.